भाऊ नास्तिक, केंद्र धार्मिक: दारू सोडवायला तिथे पाठवावं का?

प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुमचा धाकटा भाऊ बरीच वर्षं रोज पितो. सकाळी पोटात थोडी गेल्याशिवाय हात स्थिर होत नाहीत. मधल्या काळात झोपेच्या गोळ्याही सुरू झाल्या. एका धर्मादाय संस्थेने त्याला वर्षभर विनामूल्य ठेवून घ्यायची तयारी दाखवली आहे. तिथे प्रार्थना असते, अंगमेहनत असते, सोबत असते. औषधं मात्र दिली जात नाहीत. तिथून बाहेर पडलेले दोघंजण तुम्हाला भेटले आणि दोघंही आज पीत नाहीत. तुम्ही श्रद्धाळू आहात, भाऊ नास्तिक. त्याचं म्हणणं, ‘देवाच्या नावाने दारू सुटत असती तर एकही पुजारी पिताना दिसला नसता.’ तुम्ही विचारता, श्रद्धेने व्यसन खरंच सुटतं का, आणि याला तिथे पाठवावं का?

पाठवायला माझी हरकत नाही, फक्त घरातून थेट तिथे नको. आधी रुग्णालय, मग संस्था. आणि संस्थेला काही प्रश्न विचारल्याशिवाय तर नकोच. मी मनोविकारतज्ज्ञ आहे. अशा संस्थांमध्ये जाऊन उभे राहिलेले लोक मी पाहिले आहेत आणि तिथून मोडून आलेलेही माझ्याकडे आले आहेत. त्यामुळे ‘सगळं थोतांड’ म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही आणि ‘श्रद्धा असेल तर औषध कशाला’ म्हणणाऱ्यांशी त्याहून पटत नाही.

पहिल्या आठवड्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण जीव जातो तो इथे. दारू मेंदूची गती दाबते. रोज पिणाऱ्याचा मेंदू त्यावर उपाय म्हणून स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू अचानक बंद झाली की दाबून धरलेली स्प्रिंग सुटावी तशी ती उत्तेजना उसळते. शेवटच्या पेगनंतर सहा-बारा तासांत थरथर, घाम, मळमळ, छातीत धडधड सुरू होते. फिट यायची असेल तर ती बहुधा ६ ते ४८ तासांत येते. आणि काही जणांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डिलिरियम ट्रेमेन्स होतो: दिवस कोणता, आपण कुठे आहोत याचं भान जातं, भिंतीवर किडे चालताना दिसतात, नसलेली माणसं हाका मारतात, ताप चढतो, रक्तदाब वाढतो. उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो.

तुमच्या भावाच्या बाबतीत गोळ्यांची भर आहे. झोपेच्या बहुतेक गोळ्या मेंदूत दारूच्याच वाटेने काम करतात. दोन्ही एकदम बंद केलं तर धोका वाढतो, आणि काही गोळ्या शरीरात इतक्या रेंगाळतात की त्यांचा त्रास आठवड्याने सुरू होतो. ‘तीन दिवस झाले, ठणठणीत आहे’ यावर म्हणून विसंबू नका. रुग्णालयात डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडसारखं औषध पुरेशा मात्रेत देऊन काही दिवसांत उतरवत नेतात. गोळ्यांची सवय जुनी असेल तर ते उतरवणं आठवड्यांवर जातं. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, इंजेक्शनने देतात. ग्लुकोजची बाटली लावायची असेल तर थायमिन आधी किंवा निदान सोबत. पिणाऱ्याच्या शरीरात त्याचा खडखडाट असतो, आणि तशात नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. नजर विचित्र फिरते, चालताना तोल जातो, माणूस गोंधळतो, आणि वेळीच लक्ष दिलं नाही तर स्मरणशक्ती जाते ती परत येत नाही. इतक्या साध्या जीवनसत्त्वाअभावी हे झालेलं पाहिलं की फार संताप होतो.

या आठवड्यात प्रार्थनेचा उपयोग नातेवाइकांना होतो. रुग्णाला औषध लागतं. चांगल्या धार्मिक संस्थांना हे ठाऊक असतं; त्या डॉक्टरांची चिठ्ठी पाहिल्याशिवाय दाखलच करून घेत नाहीत. वाईट संस्थांमध्ये भास होणाऱ्या माणसाला पाहून ‘आतला सैतान बाहेर पडतोय’ म्हणतात आणि त्याला बांधून ठेवतात.

तुमची संस्था यातली कुठली हे ओळखायला एक फोन पुरतो. विचारा, ‘रात्री दोन वाजता कुणाला फिट आली तर तुम्ही काय करता?’ जिथे व्यवस्था आहे तिथला माणूस लगेच सांगेल: कुशीवर वळवतो, तोंडात काही घालत नाही, अमुक रुग्णालयात नेतो, गाडी आणि चालक तयार असतो. जिथे नाही तिथे उत्तर येईल, ‘आमच्याकडे असं होत नाही.’ दारू सोडवणाऱ्या ठिकाणी असं होत नाही, यावर विश्वास ठेवू नका.

गर्द किंवा ब्राऊन शुगर घेणाऱ्यांच्या घरचेही हे वाचत असतील, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. अफूच्या कुळातल्या नशेची टर्की, म्हणजे ती तुटल्यावरचा त्रास, भयंकर असते, पण धडधाकट माणूस सहसा तिने मरत नाही. मरतो तो नंतर. काही महिने काहीच न घेतल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. बाहेर पडून तो जुन्याच मात्रेने घेतो आणि श्वास थांबतो. त्या नशेच्या जागी डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात ती ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही औषधं चालू असेपर्यंत असे मृत्यू बऱ्याच प्रमाणात टळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती २००५ पासून आहेत. तरी बऱ्याच धार्मिक केंद्रांत ती चालत नाहीत. ‘एक नशा सोडून दुसरी लावायची का’ असं विचारतात. इथे माझा या संस्थांशी उघड वाद आहे. ज्याला औषधाने जगता येतं त्याला ‘शुद्ध’ होण्यासाठी ते सोडायला लावणं मला मान्य नाही. असा रुग्ण औषधाशिवाय वर्षभर राहून परत येणार असेल तर घरात नॅलॉक्सोन, म्हणजे जास्त मात्रेने थांबलेला श्वास परत आणणारं औषध, मिळवून ठेवा आणि ते कसं द्यायचं हे आधी शिकून घ्या.

आता श्रद्धेकडे. आज ज्याला आपण बारा पायऱ्यांचा कार्यक्रम म्हणतो तो धार्मिक चळवळीतूनच निघाला. बिल विल्सन हा शेअर बाजारात काम करणारा आणि बॉब स्मिथ हा शल्यविशारद, दोघंही दारूने बुडालेले, १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावी भेटले. दोघांचाही ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीशी संबंध होता. स्वतःचे दोष तपासणं, दुसऱ्यासमोर कबूल करणं, ज्यांना दुखावलं त्यांची भरपाई करणं हे सगळं तिथलं. या दोघांनी सुरू केलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाने ते आपल्या बारा पायऱ्यांत घेतलं, तो चळवळीपासून वेगळा झाला, आणि देवाच्या जागी ‘आम्हाला जसा उमजला तसा’ एवढी मोकळीक ठेवली. कुठल्याही पंथाशी संबंध नाही आणि बाहेरून देणगी घ्यायची नाही, हेही ठरवून टाकलं. दुसरा निर्णय मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण देणगीदार आला की त्याला दाखवायला यशकथा लागतात.

हे चालतं का? कॉक्रेन ही संस्था उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासते; तिच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं होती. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्ये नियमित जाण्याला पद्धतशीर प्रोत्साहन देणाऱ्या उपचारानंतर वर्षभराने सुमारे ४२ टक्के लोक पूर्ण दारूमुक्त होते. वर्तनोपचारासारख्या इतर उपचारांनंतर ३५ टक्के. फरक डोळे दिपवणारा नाही, पण आहे. आणि मीटिंग फुकट असते, रात्री असते, सणासुदीलाही असते. मात्र हा आढावा बारा पायऱ्यांचा आहे. बंदिस्त आवारात वर्षभर ठेवणाऱ्या धार्मिक केंद्रांबद्दल तो काही सांगत नाही, म्हणून कुणी त्यांच्या जाहिरातीत हा आकडा वापरला तर सावध व्हा.

फायदा नेमका कशातून होतो हेही तपासलं गेलं आहे. व्यसनांवर संशोधन करणारे जॉन केली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की मुख्य वाटा माणसांचा आहे: पिणारे मित्र कमी होतात, न पिणारे वाढतात, आणि चारचौघांत ‘नको’ म्हणता येईल असा भरवसा येतो. ज्यांचं व्यसन जास्त गंभीर होतं त्यांच्यात आध्यात्मिक बदलाचाही वाटा दिसला. माझा अनुभव याच्याशी जुळतो. ज्याचं बरंच काही शिल्लक आहे त्याला न पिणारे मित्र पुरतात. ज्याचं सगळंच गेलं आहे त्याला जगायचं कशासाठी याचं उत्तर लागतं, आणि ते माझ्या औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही.

जगभरच्या जुन्या केंद्रांची रचना पाहिली की हीच गोष्ट ठळक होते. इटलीत सालुझ्झो इथे १९८३ मध्ये सिस्टर एल्विरा पेत्रोझ्झी यांनी चेनाकोलो समाज सुरू केला. तिथे नव्या मुलाला एक ‘राखणदार देवदूत’ मिळतो. हा देवदूत म्हणजे काही महिने आधी आलेला, त्याच्यासारखाच नशा करून आलेला मुलगा. तो सुरुवातीला दिवसरात्र सोबत असतो. ब्राझीलमध्ये ग्वाराटिंगेटा इथे त्याच वर्षी सुरू झालेली ‘आशेची शेतं’ बारा महिन्यांचा मुक्काम देतात: काम, सहजीवन आणि अध्यात्म. थायलंडमधल्या थाम क्राबोक मठात १९५९ पासून व्यसनी लोक येतात. काढा पिऊन सगळ्यांसमोर उलट्या करण्याचे फोटो तिथले प्रसिद्ध आहेत, पण भिक्षूंच्या दृष्टीने उपचाराचा गाभा म्हणजे तिथे घेतलेली शपथ. धर्म वेगळे, पद्धती वेगळ्या, तरी आत काय चालतं ते बरंचसं सारखं. ठरलेल्या वेळी उठायचं, दुसऱ्यासाठी काहीतरी करायचं, रात्री दिवसाचा हिशोब द्यायचा, आणि सगळं अशा माणसांमध्ये ज्यांना फसवता येत नाही कारण त्यांनी स्वतः तीच फसवाफसवी केलेली असते.

अशाच एका केंद्रात पाहिलेलं सांगते. नवा आलेला मनुष्य, रुग्णालयातून थेट. हात अजून इतके थरथरत होते की कप बशीवर वाजत होता. शेजारच्याने एक शब्द न बोलता त्याच्या कपातला अर्धा चहा आपल्या कपात ओतून घेतला, म्हणजे सांडायला नको. मग संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर बोलायची पाळी आली तेव्हा त्याच शेजाऱ्याने स्वतःची गोष्ट सांगितली: आईच्या औषधांसाठी ठेवलेले पैसे आपण कसे उचलले आणि चोरीचा आळ कामवालीवर कसा जाऊ दिला. नव्या माणसाने त्या दिवशी तोंड उघडलं नाही, पण मान खाली घालून तो शेवटपर्यंत बसून राहिला. माझ्या दवाखान्यात असली कबुली निघायला महिने लागतात. मी डॉक्टर आहे, मी आईचे पैसे चोरलेले नाहीत, हे त्याला माहीत असतं.

श्रद्धेची खरी ताकद मला इथे दिसते. व्यसनी माणसाच्या मनात लाज इतकी साचलेली असते की तीच त्याला परत बाटलीकडे ढकलते. ‘तुझ्या हातून हे झालं, तरी तू टाकून दिलेला नाहीस’ हे वाक्य कुणीतरी अधिकाराने म्हणावं लागतं, आणि धर्माकडे तो अधिकार आहे. पण त्याच तोंडून ‘हे पाप आहे’ असंही निघतं. घसरण हे पाप ठरलं की माणूस ती लपवतो. लपवली की एकट्याने पितो, आणि एकट्याने पिणारा सापडतो तो उशिरा. संस्थेला म्हणून हमखास विचारा, ‘वर्षाच्या मध्ये कुणी प्यायलं तर काय करता?’ सामान बाहेर फेकतात, सगळ्यांसमोर उभं करून अपमान करतात, की डॉक्टरकडे नेऊन परत बसवतात? नियम कडक असायला हरकत नाही. एकत्र राहणाऱ्या चाळीस जणांत एकाने बाटली आणली तर सगळ्यांना धोका असतो, त्याला काही दिवस बाहेर ठेवणं मी समजू शकते. पण ‘त्याची श्रद्धा कमी पडली’ हे उत्तर आलं तर भावाला तिथे नेऊ नका. श्रद्धाळू माणसंही घसरतात, आणि त्या वेळी त्यांना दारूबरोबर देवही गमावल्यासारखा वाटतो.

भावाच्या नास्तिकपणाचं काय? तो वाटतो तेवढा अडथळा नाही, जर संस्थेने तो अडथळा केला नाही तर. प्रार्थनेच्या वेळी नुसतं शांत बसलेलं चालतं का, एवढं विचारा. बारा पायऱ्यांमध्ये कित्येक नास्तिक ‘उच्च शक्ती’ म्हणून आपल्या गटाकडेच पाहतात आणि त्यांचं अडत नाही. सक्ती केली की मात्र बिनसतं. अमेरिकेत एका कैद्याला नार्कोटिक्स ॲनॉनिमसच्या (अमली पदार्थ सोडणाऱ्यांचा तसाच बारा पायऱ्यांचा गट) बैठकांना जायला भाग पाडलं गेलं, तेव्हा १९९६ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ती धार्मिक सक्ती ठरवली. कायदा बाजूला ठेवला तरी उपचार म्हणूनही ती कुचकामी आहे. माणूस मनातून हजर राहत नाही, फक्त हजेरी लावतो. मुक्काम संपवायच्या अटीत धर्मांतर किंवा दीक्षा असेल तर विषय तिथेच संपवा.

दार आणि पैसा याबद्दल भीड न बाळगता बोला. त्याला जायचं म्हटलं तर जाता येतं का? कुलूप कुणाकडे असतं? २०१२ मध्ये पेरूच्या लिमा शहरात ‘ख्रिस्त म्हणजे प्रेम’ अशा नावाच्या व्यसनमुक्ती केंद्राला आग लागली, दारं बंद आणि खिडक्यांना गज होते, किमान २७ जण आत मेले. नाव प्रेमळ होतं. कुलपं, मारहाण, फोनबंदी यांचं समर्थन ‘त्याच्याच भल्यासाठी’ या शब्दांत केलं जातं. मला ते कुठल्याच शब्दांत पटत नाही. सुरुवातीचे काही दिवस फोन नको हे ठीक, पण घरच्यांना महिनोन्‌महिने भेटू न देणाऱ्या ठिकाणी काहीतरी लपवण्यासारखं असतं.

कामाचंही तसंच. अंगमेहनत औषधासारखी लागू पडते, झोप येते, हातांना उद्योग मिळतो. पण त्या कामावर संस्थेचा धंदा चालत असेल तर ‘विनामूल्य’ या शब्दाचा अर्थ बदलतो. टोनी आणि सुझन अलामो फाउंडेशन या धार्मिक संस्थेचे अमेरिकेत बरेच व्यवसाय होते, आणि त्यात राबणारे बहुतेक जण धर्माकडे वळण्याआधी व्यसनी, बेघर किंवा गुन्हेगार होते. त्यांना अन्न, वस्त्र, निवारा मिळे, पगार नाही. १९८५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की किमान वेतनाचा कायदा यांनाही लागू आहे. कामाचे तास किती आणि पैसा कुठे जातो, याचं सरळ उत्तर मिळालं पाहिजे.

नैराश्य, बायपोलर, मानसिक आजाराची कुठलीही गोळी आधीपासून चालू असेल तर ती तिथे चालू राहील हे लेखी घ्या. यावर तडजोड नको.

तुम्हाला भेटलेल्या त्या दोघांबद्दल. ते खरं बोलत आहेत, शंका नाही. पण तिसऱ्या आठवड्यात पळून गेलेला तुम्हाला भेटणार नाही, कारण त्याला कुणी बोलवत नाही. संस्थेला विचारा की गेल्या वर्षी किती जण आले, वर्ष किती जणांनी पुरं केलं, आणि पुरं केलेल्यांपैकी किती जणांची आजची खबर तुमच्याकडे आहे. जो माणूस ‘निम्मे सुद्धा टिकत नाहीत’ असं सांगेल त्याच्यावर मी जास्त विश्वास ठेवीन. ‘शंभर टक्के’ म्हणणारा हिशोबच ठेवत नसतो.

आणि बाहेर पडल्यावर काय, हा प्रश्न संस्थेइतकाच तुमचाही आहे. आत एक वर्ष न पिणं तुलनेने सोपं असतं; तिथे दारू नाही, पैसे नाहीत, संध्याकाळ मोकळी नाही. बाहेर तिन्ही असतात. चांगली संस्था शेवटच्या महिन्यांत त्याला थोडं थोडं बाहेर पाठवते, बाहेरच्या मीटिंगची ओळख करून देते, घरच्यांना बोलावून बसवते. नॅल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेटसारखं तलफ कमी करणारं औषध त्या काळात घ्यायचं का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. डायसल्फिराम, म्हणजे ज्यावर दारू प्यायली की शरीराला त्रास होतो ते औषध, मात्र त्याच्या नकळत जेवणात मिसळू नका. कितीही जणांनी सुचवलं तरी नाही. त्यावर तो प्यायला तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो, आणि वाचला तरी तुमच्या हातचं पुन्हा खाणार नाही.

तो कुठेच जायला तयार नसेल, तर धमक्या आणि अचानक बोलावलेली कौटुंबिक बैठक यापेक्षा ‘क्राफ्ट’ नावाची पद्धत शिकवणारा समुपदेशक शोधा. त्यात न पिता घालवलेल्या वेळेला बळ द्यायचं, प्यायल्याचे परिणाम झाकायचे नाहीत, आणि उपचाराचा विषय कोणत्या क्षणी काढायचा हे घरच्यांना शिकवतात. १९९९ च्या एका तुलनेत या मार्गाने ६४ टक्के कुटुंबांतला पिणारा माणूस उपचाराला आला. समोरासमोर घेरणाऱ्या बैठकीच्या पद्धतीने ३० टक्के. तुम्ही स्वतः अल-अनॉन या पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असलेल्या गटाच्या बैठकीत जाऊन बसा. तिथे तो सुधारेल याची हमी नाही, तुम्हाला झोप लागायला लागेल एवढं मात्र होऊ शकतं.

या आठवड्यात करायचं ते असं. जवळच्या मनोविकार विभागात दाखल होण्याची तारीख घ्या आणि गोळ्यांची सगळी पाकिटं, रिकामी सुद्धा, सोबत न्या. संस्थेला कळवा की तो डिटॉक्स, म्हणजे रुग्णालयात औषधाखाली दारू-गोळ्या उतरवणं, पूर्ण करून, डॉक्टरांच्या पत्रासह येईल. त्यांनी नाक मुरडलं तर तेही एक उत्तर आहे. आणि दाखल होईपर्यंत रागाच्या भरात त्याची बाटली बेसिनमध्ये ओतू नका, गोळ्या लपवू नका. तोवर त्याचं पिणं अचानक तुटता कामा नये. त्याआधी तुटलंच आणि थरथर, भास किंवा फिट दिसली, तर तारखेची वाट न पाहता त्याच रात्री त्याला रुग्णालयात घेऊन जा.